मुलांचा लॅक्रॉस क्लब कसा उभारावा : न्यू जर्सीतील मराठी पालकांसाठी मार्गदर्शक

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१व्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच जादा खेळांना मान्यता मिळाली. आपल्याकडच्या बातम्यांनी साहजिकच क्रिकेटचा मथळा केला, पण त्याच ठरावाने लॅक्रॉस हा जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळही ऑलिंपिकमध्ये परतला. १९०४मध्ये सेंट लुइसला आणि १९०८मध्ये लंडनला हा खेळ पदकांसाठी खेळला गेला होता. त्यानंतर थेट आता. त्या हिवाळ्यात मराठी शाळा सुटल्यावर मुलांचे कोट शोधत असताना तीन पालकांनी मला एकच प्रश्न विचारला : आमच्या गावात मुलांसाठी असा क्लब सुरू करायचा, तर सुरुवात कुठून करायची?

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये राहते. चार पालकांनी मिळून काढलेल्या क्लबची मी आधी खजिनदार होते आणि आता सर्वांत लहान गटाची कोच आहे. रविवारी शाळेत जी मुले मला मावशी म्हणतात, तीच मंगळवारी मैदानावर कोच म्हणून हाक मारतात. पुढे लिहिलेले सारे त्या अनुभवातून आणि हातून झालेल्या चुकांतून आले आहे. शुल्क आणि कायदे न्यू जर्सीचे दिले आहेत. इतर राज्यांतल्या वाचकांनी आपापल्या राज्याचे पाहून घ्यावेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. पहिल्या वर्षी किती मुले आली यावर क्लब उभा राहत नाही. दुसऱ्या वर्षी त्यांतली किती परत आली यावर राहतो. वयोगट, वर्गणी, साहित्य, पहिला सराव असे जे जे ठरवाल ते याच कसोटीवर घासून पाहावे.

खेळ आधी पाहा

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळीची झोळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, वाहून नेत आणि फेकत समोरच्या संघाच्या सहा फूट रुंद व सहा फूट उंच गोलात घालण्याचा खेळ. चेंडू भरीव रबराचा असतो. त्याचे वजन साधारण १४५ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा थोडे कमी, आणि आकारही किंचित लहान. पूर्ण मैदान ११० यार्ड लांब आणि ६० यार्ड रुंद. मुलांच्या संघात १० खेळाडू उतरतात, मुलींच्या संघात १२. ऑलिंपिकमध्ये जो प्रकार येणार आहे तो सिक्सेस. त्यात गोलरक्षक धरून सहाच खेळाडू आणि ७० मीटर बाय ३६ मीटरचे मैदान असते.

मुलांचा आणि मुलींचा लॅक्रॉस हे एकाच नावाचे दोन वेगळे खेळ आहेत, असे समजूनच कामाला लागावे. मुलांच्या खेळात नियमांच्या चौकटीत अंगाला धक्का देता येतो, म्हणून हेल्मेट, खांद्यांची व हातांची आवरणे आणि जाड हातमोजे लागतात. मुलींच्या खेळात अंगाला धक्का देण्यास मनाई आहे, झोळी उथळ असते, आणि संरक्षण म्हणून मुख्यतः डोळ्यांवरचा जाळीदार चष्मा व माउथगार्ड वापरतात. दोन्हींसाठी वेगळे कोच, वेगळे पंच आणि वेगळे साहित्य लागते. पहिल्या वर्षी दोन्ही गट चालवण्याइतकी माणसे नसतील, तर ते तसे उघड सांगावे. मुलींना मुलांच्या सरावात कोपऱ्यात उभे करून वेळ मारून नेऊ नये. त्या मुली पुढच्या वर्षी येत नाहीत.

फेब्रुवारी ते मे हा कॉलेजच्या सामन्यांचा हंगाम. आपल्याला पिस्कॅटवेचे रटगर्स आणि प्रिन्स्टन ही दोन्ही विद्यापीठे गाडीने जाण्याजोगी आहेत. प्रिन्स्टनच्या पुरुष संघाने १९९२ ते २००१ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि रटगर्सचा संघ २०२२मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. क्लब काढू पाहणाऱ्या चौघा-पाच जणांनी एकत्र जाऊन किमान दोन सामने पाहावेत, एक पुरुषांचा आणि एक महिलांचा. पहिल्या अर्ध्यात डोळे चेंडूमागे धावतात, ते स्वाभाविक आहे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र ज्याच्याकडे चेंडू नाही अशा एकाच खेळाडूवर नजर ठेवावी, कारण आपल्याला मुलांना शिकवायचे आहे त्यातले निम्मे तेच आहे.

याच पायरीवर खेळाचा इतिहासही जाणून घ्यावा. लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी राष्ट्रांचा खेळ. न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग आणि कॅनडाच्या लगतच्या प्रदेशातील होडिनोशोनी लोक त्याला निर्मात्याचा खेळ मानतात आणि आजाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही तो खेळतात. सतराव्या शतकात फ्रेंच धर्मप्रसारकांनी त्याला आजचे नाव दिले. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७मध्ये त्याचे लेखी नियम बांधले, आणि पुढे ज्यांचा हा खेळ होता त्यांनाच कॅनडातील अजिंक्यपद स्पर्धांतून व्यावसायिक ठरवून दूर ठेवण्यात आले. होडिनोशोनींनी १९८३मध्ये स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा केला. तो संघ स्वतःच्या राष्ट्राच्या पारपत्रावर प्रवास करण्याचा आग्रह धरतो, आणि त्या पारपत्रांना मान्यता न मिळाल्याने २०१०मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावे लागले. आमच्या क्लबमध्ये हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलांना वर्तुळात बसवून ही हकिगत सांगतो. काठी हातात घेताना ती कोणाकडून आली हे माहीत असलेले मूल ती जमिनीवर आपटत नाही, असा माझा अनुभव आहे.

वयोगट ठरवणे

येथे आमची पहिली चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमची स्वतःची मुले सातवी-आठवीत होती, म्हणून आम्ही त्या वयाचा संघ आधी काढला. शेजारच्या गावांतली मुले पहिलीपासून काठी हातात घेतलेली; आमची मुले पहिल्यांदाच झेल शिकत होती. हंगामभर एकही सामना जिंकला नाही, आणि तेवढ्याने फारसे बिघडलेही नसते. बिघडले ते असे की जूनमध्ये आठवीची मुले हायस्कूलकडे निघून गेली आणि क्लबमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मुले उरली. खालून येणारे कोणीच नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्हाला जवळपास शून्यातून उठावे लागले.

म्हणून सुरुवात सर्वांत खालच्या गटापासून करावी. यूएसए लॅक्रॉस ही राष्ट्रीय संस्था, जी १९९८मध्ये स्थापन झाली आणि जिचे मुख्यालय मेरीलँडमधील स्पार्क्स येथे आहे, मुलांना ६, ८, १०, १२ आणि १४ वर्षांखालील गटांत विभागते, आणि लहान गटांसाठी लहान मैदानावर कमी खेळाडूंचे सामने सुचवते. हे तिचे मार्गदर्शन नव्या क्लबसाठी वरदान आहे. पूर्ण संघाला गोलरक्षक, राखीव खेळाडू धरून पंधरा-सोळा मुले लागतात. आठ वर्षांखालच्या गटात दहा मुले असली तरी आपल्याच मैदानावर दोन बाजू करून आनंदाने खेळता येते. आज पहिलीत असलेले मूल आठवीपर्यंत आठ हंगाम खेळू शकते. सातवीतले मूल फक्त दोन.

चार माणसे आणि कागदपत्रे

एकट्याने किंवा एकाच घरातल्या दोघांनी क्लब काढू नये. अध्यक्ष, खजिनदार, नोंदणी व सुरक्षा पाहणारी एक व्यक्ती आणि साहित्याची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती, अशी वेगवेगळ्या घरांतली किमान चार माणसे हवीत. त्यांपैकी एकाने तरी शाळेत किंवा कॉलेजात लॅक्रॉस खेळलेला असावा. अशी व्यक्ती मराठी मंडळींत सापडेलच असे नाही, आणि ते उत्तमच आहे; क्लब गावाचा व्हायचा असेल तर पहिल्या बैठकीपासूनच त्यात गावातली सर्व प्रकारची माणसे बसलेली असावीत.

टाउनशिपच्या रिक्रिएशन विभागाने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला, तर पुढची बरीच कागदपत्रे वाचतात, म्हणून आधी तेथे विचारावे. नकार आला तर स्वतःची ना-नफा संस्था नोंदवावी. न्यू जर्सीत त्यासाठी किमान तीन विश्वस्त लागतात आणि नोंदणीचे शुल्क ७५ डॉलर आहे. त्यानंतर आयआरएस या केंद्रीय करविभागाकडून संस्थेचा कर क्रमांक घ्यावा. तो विनामूल्य मिळतो, त्यामुळे तो मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये. मग बँकेत संस्थेच्या नावाने खाते उघडावे आणि पैसे काढण्यासाठी दोन सह्यांची अट घालावी. एकमेकांवर पूर्ण विश्वास असतानाच ही अट घालणे सोपे असते.

करमाफीसाठी ५०१(सी)(३) दर्जाचा अर्ज करावा लागतो. पुढील तीन वर्षांत दरवर्षीची ढोबळ जमा ५०,००० डॉलरच्या आत राहील असा अंदाज असेल, तर १०२३-ईझी हा छोटा अर्ज चालतो. त्याचे शुल्क २७५ डॉलर. मोठ्या अर्जाचे ६०० डॉलर. संस्था स्थापन झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला, तर करमाफी स्थापनेच्या दिवसापासून लागू होते. दर्जा मिळाला की काम संपले असे अनेकांना वाटते आणि तेथेच घोडे पेंड खाते. लहान संस्थेलाही दरवर्षी ९९०-एन नावाची चार ओळींची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आणि सलग तीन वर्षे ती भरली नाही, तर करमाफी आपोआप रद्द होते. खजिनदार बदलला की हे विसरले जाते. म्हणून ही तारीख खजिनदाराच्या फोनमध्ये नको, चौघांच्याही कॅलेंडरमध्ये हवी.

मैदान मिळवणे

वसंताचा हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो, पण मैदानांची वाटणी हिवाळ्यातच होऊन जाते. बेसबॉल, सॉकर आणि सॉफ्टबॉलची जुनी मंडळे आपापली मैदाने वर्षानुवर्षे धरून असतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्येच रिक्रिएशन विभागाच्या प्रमुखांची भेट घ्यावी, आणि जाताना आपल्याला नेमके काय हवे ते लिहून न्यावे : आठवड्यात दोन दिवस, सायंकाळी दीड तास, अर्धे मैदान. लहान गटापासून सुरुवात करण्याचा आणखी एक फायदा येथे दिसतो, कारण अर्धे मैदान मागणाऱ्याला नाही म्हणणे कोणालाही जड जाते.

परवान्यासोबत विम्याचे प्रमाणपत्र मागतात आणि त्यावर टाउनशिपचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालायला सांगतात. यूएसए लॅक्रॉसचे सदस्यत्व घेतलेल्या संघांना विमा संरक्षण मिळते, म्हणून प्रत्येक मूल आणि प्रत्येक कोच पहिल्या सरावाआधी सदस्य झालेला असावा. एकही अपवाद नको. 'पैसे पुढच्या आठवड्यात देतो, आज नुसता पळू दे' असे म्हणणाऱ्या मित्रालाही नम्रपणे थांबवावे लागते.

मैदानावर पहिल्या दिवशी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. गोलामागे चेंडू अडवायला काय आहे, कारण नसेल तर निम्मा सराव चेंडू शोधण्यात जातो. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल आणि त्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे. आणि सर्वांत जवळचे एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, कुठे आहे व ते त्या वेळी कुलपात तर नसते ना.

कोच आणि मुलांची सुरक्षा

यातली कोणतीही गोष्ट पुढे ढकलू नये. मुलांच्या जवळ वावरणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासणी झालेली असावी, मग तो आपला वीस वर्षांपासूनचा मित्र का असेना. खेळातील मुलांवरचे अत्याचार ओळखायला व टाळायला शिकवणारे सेफस्पोर्टचे ऑनलाइन प्रशिक्षण प्रत्येक कोचने पूर्ण करावे. फेब्रुवारी २०१८मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार राष्ट्रीय क्रीडासंस्थांच्या छत्राखालील प्रौढांना मुलावरील अत्याचाराचा संशय आल्यास २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे अशा विषयावर 'आधी घरात बोलून पाहू' अशी वृत्ती असते, म्हणून हा नियम कोचच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. कोणताही प्रौढ एका मुलासोबत एकटा राहणार नाही, आणि मुलाला पाठवलेला प्रत्येक निरोप पालकालाही जाईल, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत.

न्यू जर्सीत विनामोबदला काम करणाऱ्या कोचना कायद्याने दिवाणी दाव्यांपासून काही संरक्षण दिले आहे, पण त्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. रटगर्स विद्यापीठाचा सुमारे तीन तासांचा सेफ्टी क्लिनिक हा कार्यक्रम त्यासाठीच आहे. नव्या पालकांना कोच होण्याची भीती वाटते. हे तीन तास बसून आल्यावर ती पुष्कळ कमी होते.

डोक्याच्या मारासंबंधी सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेचे हेड्स अप प्रशिक्षण विनामूल्य मिळते. आमचा नियम साधा आहे : डोक्याला मार लागल्याचा संशय आला की ते मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरत नाही, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढच्या सरावालाही नाही. बापाने कितीही विनवण्या केल्या तरी नाही.

छातीवरच्या माराबद्दल मात्र बहुतेकांना माहीत नसते. हृदयाच्या ठोक्यातील एका अगदी छोट्या क्षणी छातीवर चेंडू आदळला, तर पूर्ण निरोगी मुलाचेही हृदय बंद पडू शकते. हे फार क्वचित घडते, पण घडले तर हाताशी मिनिटेच असतात. ताबडतोब छाती दाबणे आणि एईडी वापरणे हाच उपाय. याच कारणाने जानेवारी २०२२पासून मुलांच्या खेळात खांद्याच्या आवरणांना नॉक्सी या क्रीडासाहित्याची सुरक्षा मानके ठरवणाऱ्या संस्थेचे एनडी२०० मानक सक्तीचे झाले आहे. शेजाऱ्याने गॅरेजमधून काढून दिलेली जुनी आवरणे प्रेमाने घ्यावीत, पण त्यांवर हे चिन्ह नसेल तर मुलाच्या अंगावर चढवू नयेत.

साहित्याचे भांडार

आमच्या क्लबने जे काही बरे केले त्यात हे पहिले. हेल्मेट, खांद्याची आणि हातांची आवरणे, हातमोजे, काठी हे सर्व नवे घ्यायचे म्हटले, तर मूल खेळ आवडतो की नाही हे कळण्याआधीच पालकांच्या खिशाला मोठी चाट बसते, आणि मग 'क्रिकेटच बरे' असे म्हणून ते मागे फिरतात. त्यावर उपाय म्हणजे वाचनालयासारखे भांडार. पहिल्या हंगामाला मुलाला सर्व साहित्य उसने द्यावे; पालकांनी फक्त माउथगार्ड आणि बूट आणावेत. अनामत म्हणून एक धनादेश घ्यावा आणि तो जूनमध्ये साहित्य परत आले की फाडून टाकावा.

सुरुवातीचा साठा तीन ठिकाणांहून येतो. एक, यूएसए लॅक्रॉसची फर्स्ट स्टिक योजना, जी नव्या आणि गरजू संघांना साहित्य देते. दोन, हायस्कूलला गेलेल्या मुलांची घरे. तीन, थोडी पदरमोड. काठ्यांवर वेगळा खर्च करायचा तर तो झोळीवर करावा. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त काठीची जाळी बहुधा इतकी ताठ असते की चेंडू तीवर आदळून उडून जातो, आणि मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. आमच्याकडे एक हायस्कूलचा विद्यार्थी दर फेब्रुवारीत दोन शनिवार बसून सगळ्या झोळ्या नव्याने विणतो. तो दोऱ्या ओढतो, झोळीत चेंडू ठेवून मुठीने दाबतो, काठी उलटी करतो, चेंडू फार अडकला तर एक गाठ सैल करतो. एका काठीला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाचा फायदा हंगामभर मिळतो.

चेंडूंकडेही लक्ष असावे. वापरून वापरून रबर गुळगुळीत आणि चकचकीत होते. असा चेंडू झोळीतून निसटतो आणि नेम चुकवतो. चकाकी दिसली की चेंडू बाद करून घरच्या भिंतीवरच्या सरावासाठी मुलांना वाटून टाकावेत. प्रत्येक हेल्मेटवर क्रमांक आणि वहीत त्यासमोर मुलाचे नाव, ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

पहिला सराव

या एका तासावर पुष्कळ अवलंबून आहे. रांगा लावू नयेत. रांगेत उभे असलेले सात वर्षांचे मूल दोन मिनिटांत काठीची तलवार करते. प्रत्येकाच्या हातात काठी, प्रत्येकाच्या झोळीत चेंडू, आणि सर्व जण एकाच वेळी हलत आहेत, असा सराव आखावा.

पहिले कौशल्य म्हणजे चेंडू झोळीत ठेवून पळणे. इंग्रजीत त्याला क्रेडलिंग म्हणतात, आणि मला त्यासाठी आपला 'जोजवणे' हा शब्द अगदी अचूक वाटतो. दोन वर्षांपूर्वी आठ वर्षांची एक मुलगी पहिल्याच दिवशी रडवेली झाली होती. तिने काठी दोन्ही मुठींनी आवळून धरली होती, हात लाकडासारखे ताठ, आणि चार पावलांत चेंडू धप्पकन खाली. मी तिला मराठीत विचारले, 'घरी बाळ आहे का?' मामेभाऊ होता, पाच महिन्यांचा. 'मग त्याला झोपवताना कशी जोजवतेस तसे कर.' तिने वरची मूठ सैल सोडली, काठी कानाजवळ आणली, मनगट आत-बाहेर वळवले. झोळी अर्धवर्तुळात डोलू लागली आणि चेंडू तिच्या तळाशी बसून राहिला. ती कुंपणापर्यंत गेली, वळली आणि परत आली. यंदा तिचा तिसरा हंगाम आहे.

दुसरे कौशल्य जमिनीवरचा चेंडू उचलण्याचे. लहान वयात चेंडू हवेपेक्षा जमिनीवरच जास्त असतो, म्हणून सामने येथेच जिंकले किंवा हरले जातात. मुले काठी उभी धरून चेंडूवर वरून खुपसतात आणि चेंडू पुढे ढकलला जातो. शिकवायचे ते असे : पाऊल चेंडूच्या शेजारी, गुडघे वाकलेले, मागचा हात जवळजवळ गवताला टेकलेला, काठी जमिनीला समांतर, आणि थांबायचे नाही, चेंडूच्या अंगावरून पळत जायचे. झेल आणि फेक यांना वेळ लागतो आणि त्यांसाठी घरची किंवा शाळेची एखादी कोरी भिंत सर्वांत चांगली गुरू. आम्ही मुलांना रोज ५० वेळा भिंतीवर चेंडू मारायला सांगतो, २५ उजव्या हाताने आणि २५ डाव्या.

शेवटची पंधरा मिनिटे सामना. हे कधीही रद्द करू नये, पाऊस येत असला तरी. मूल घरी जाताना गाडीत त्या सामन्याबद्दलच बोलते.

वर्गणी

सदस्यत्व, मैदानाचे शुल्क, चेंडू, पंचांचे मानधन, लीगची फी आणि प्रथमोपचाराचे सामान, असा सर्व खर्च मांडावा. अपेक्षित मुलांपैकी दोन-तृतीयांशच येतील असे धरून भागाकार करावा, आणि जी रक्कम येईल तीवर थोडी भर घालून गंगाजळीसाठी ठेवावी. ज्या कुटुंबाला ती झेपत नाही त्यांच्यासाठी नोंदणी अर्जातच एक ओळ असावी : 'आम्ही इतकी रक्कम देऊ शकतो.' ती फक्त खजिनदाराने वाचावी. कोचला कधी कळू नये.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे आमिष दाखवून मुले गोळा करू नयेत. आपल्या पालकांच्या कानांवर ते पटकन बसते, म्हणून विशेष सांगते : ज्या प्रिन्स्टनचा सामना पाहून मुले हरखतात, ते विद्यापीठ आयव्ही लीगमधील इतरांप्रमाणेच खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही.

लीग, रविवार आणि कुंपणाबाहेरचे पालक

पहिल्या वर्षी लहान गटाने लीगमध्ये जाऊ नये. शेजारच्या दोन क्लबना फोन करून तीन-चार रविवारी मैत्रीचे सामने ठरवावेत. आमचा अनुभव असा की जुने क्लब आनंदाने मदत करतात, गोलही उसना देतात, कारण खेळायला शेजारी असणे त्यांनाही हवे असते. दुसऱ्या वर्षी लीगमध्ये अर्ज करताना आपल्या संघाची ताकद आहे तितकीच सांगावी आणि खालचा विभाग मागून घ्यावा.

मराठी कुटुंबांसमोर रविवारचा पेच येतोच. सकाळी मराठी शाळा आणि सामनेही बहुधा रविवारीच. मूल ओढाताणीत सापडले की दोन्हींपैकी एक सुटते, आणि दोन्ही टिकावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. लीगचे वेळापत्रक ठरवणाऱ्या व्यक्तीला जानेवारीतच पत्र लिहून घरच्या मैदानावरचे सामने दुपारी दोननंतर मागावेत. कारण स्पष्ट लिहावे. आम्हाला बहुतेक वेळा होकार मिळाला आहे. एप्रिलपासून क्रिकेटही सुरू होते. 'एकच निवडा' असे बारा वर्षांखालच्या मुलाला सांगू नये. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे हात झेलाला तयार असतात आणि त्यांतलीच काही आमची उत्तम गोलरक्षक झाली.

पंचांची सगळीकडे टंचाई आहे, आणि तिचे मोठे कारण कुंपणाबाहेरून होणारा आरडाओरडा हे आहे. लहान गटांचे पंच पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांची मुले असतात. हंगामाआधी पालकांची बैठक घेऊन सांगावे की पंचांशी फक्त कोच बोलतील. सुट्टीला आलेल्या आजी-आजोबांना मात्र पुढच्या खुर्च्या द्याव्यात. त्यांना नियम कळत नाहीत, म्हणून ते नातवाच्या धावण्यालाच टाळ्या देतात, आणि त्या वयात मुलाला तेवढेच हवे असते.

दुसरे वर्ष आणि पुढे

हंगाम संपल्यावर आठवड्याभरात प्रत्येक न परतणाऱ्या कुटुंबाला फोन करावा. मेल नको, फोनच. आम्हाला मिळालेली उत्तरे अशी होती : सरावाला पोहोचायला वेळ होत नाही, मुलाला मैदानात फार कमी वेळ मिळाला, एका मोठ्या मुलाची भीती वाटत होती. यांतली प्रत्येक अडचण सोडवता येण्याजोगी होती आणि हंगाम चालू असताना एकही आमच्या कानांवर आली नव्हती. तेव्हापासून सर्व मुलांना सारखा वेळ हा नियम दहा वर्षांखाली लेखी आहे, आणि सराव अर्धा तास उशिरा सुरू होतो, कारण न्यूयॉर्कहून येणारी गाडी तोपर्यंत स्टेशनात लागते.

दरवर्षी खालून एक नवा गट जोडत वर सरकावे. निवडक मुलांचा दूरच्या स्पर्धा खेळणारा संघ काढण्याची मागणी तिसऱ्या वर्षी हमखास येते, आणि ती करणारे पालक उत्साही व मेहनती असतात. तरीही थांबावे. असा संघ क्लबमधले चांगले कोच आणि पालकांचा वेळ ओढून घेतो आणि खालचे गट ओस पडतात. प्रत्येक वयोगटाला दोन संघ होतील इतकी मुले झाल्यावर त्याचा विचार करावा.

हायस्कूलला गेलेल्या मुलांना परत बोलवावे. त्यांना स्वयंसेवेचे तास हवे असतात आणि लहान मुलांना त्यांच्यासारखे व्हायचे असते. मात्र ती प्रौढ कोचच्या नजरेखाली मदतनीस म्हणूनच असावीत.

आणि पदे सोडावीत. मी तीन वर्षांनी खजिनदारपद सोडले, तेव्हा नव्या खजिनदारासोबत एक पूर्ण हंगाम बसले. एका वहीत महिन्यावार लिहून दिले : नोव्हेंबर, मैदानाचा अर्ज, डिसेंबर, नोंदणी सुरू, जानेवारी, विमा प्रमाणपत्र आणि लीगला पत्र, फेब्रुवारी, झोळ्या विणणे आणि पार्श्वभूमी तपासण्या, मे, ९९०-एन. जूनच्या पानावर फक्त साहित्य परत घेण्याचा दिवस आहे. त्या दिवशी मुले पार्किंगमध्ये ओळीने हेल्मेट मांडतात, आपण वहीतले क्रमांक तपासतो, अनामतीचे धनादेश फाडतो, आणि ज्या मुलाला काठी परत द्यायची इच्छा नसते त्याच्या पालकांकडून तेथेच पुढच्या वर्षीची नोंदणी करून घेऊन ती काठी उन्हाळाभर त्याच्याकडेच राहू देतो.